वादावर पडदा टाकल्याने वाद मिटतो काय?

गळिताच्या हंगामात भीमेच्या काठाने जाणाऱ्यास उसाच्या फडांशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहिलेल्या दिसतात. नदीच्या या अंगास शिरूर तालुका, त्या अंगास दौंड. वडगाव रासाईसारख्या बागाईत गावांच्या शिवारांत बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून माणसे कोयता घेऊन येतात, चारसहा महिने राबतात आणि हंगाम सरला की कोप्या मोडून जातात. त्यांतली बहुतेक मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन आलेली असतात. या उचलीसंबंधाने त्या बाजूच्या एका सुशिक्षित व्यापारी गृहस्थांशी आमचे बोलणे झाले, तेव्हा त्यांनी मोठ्या सद्भावाने आम्हांस एक उपदेश केला. ते म्हणाले, "हा विषय तुम्ही काढू नका. मुकादम आणि मजूर आपसांत पाहून घेतील. वर्तमानपत्रांत अशा गोष्टींचा ऊहापोह झाला म्हणजे दोन पक्ष पडतात, आणि पक्ष पडले म्हणजे तेढ आलीच."

हे मत त्या एकट्या गृहस्थांचे असते तर आम्ही त्यावर लेखणी उचलली नसती. पण पेठेत बसणाऱ्या शंभरांतील नव्वद शहाण्या माणसांचे हेच मत असते, आणि ते वाईट हेतूने दिलेले नसते. बाजार शांत असावा, उधारी वसूल व्हावी, रस्ते चालू असावेत, ही इच्छा गैर कोण म्हणेल? प्रश्न एवढाच की, माणसाच्या श्रमावर दुसऱ्या माणसाची मालकी असावी की नसावी या वादावर पडदा टाकला, तर तो वाद मिटतो काय? एका मोठ्या राष्ट्राने हा प्रयोग सत्तर वर्षांहून अधिक काळ मोठ्या चिकाटीने करून पाहिला. त्याचा धक्का आपल्या भीमथडीपर्यंत येऊन पोहोचला होता, म्हणून ती हकीकत आज सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांची राज्यघटना १७८७ साली तयार झाली. त्या घटनेत 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. पण गुलामांचा हिशेब मात्र आहे. कोणत्या संस्थानास किती प्रतिनिधी द्यावयाचे हे लोकसंख्येवर ठरावयाचे होते. गुलामांची डोकी त्यांत धरावी, असा दक्षिणेकडील संस्थानांचा आग्रह; ज्यांस तुम्ही मालमत्ता म्हणता त्यांस मोजणीपुरते माणूस कसे म्हणता, असा उत्तरेचा सवाल. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, अशी तडजोड ठरली. पळालेला गुलाम परत द्यावा हेही कबूल झाले, आणि बाहेरून गुलाम आणण्याच्या व्यापारास १८०८ पर्यंत बंदी करावयाची नाही असे ठरले. त्या काळच्या शहाण्या पुरुषांचा अदमास असा होता की, ही प्रथा हळूहळू आपोआप लयास जाईल. स्वतः गुलाम बाळगणारे जेफर्सनसारखे दक्षिणी पुढारीही तिला अनिष्टच म्हणत असत.

तो अदमास एका यंत्राने खोटा पाडला. १७९३ साली एली व्हिटनी याने सरकी काढण्याचे यंत्र केले. जे काम हाताने दिवसभर करावे तेव्हा कोठे शेर-अर्धाशेर कापूस निघे, ते झपाट्याने होऊ लागले. इंग्लंडच्या गिरण्यांस हवा तेवढा कापूस दक्षिणेतून जाऊ लागला, आणि कापसाबरोबर गुलामाची किंमत चढली. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दक्षिणेचे मत आधी बदलले आणि मग व्यापार वाढला, असे झाले नाही. व्यापार आधी वाढला. मत त्याच्या पाठोपाठ चालत आले. ज्या प्रथेस आजोबा नाइलाजाची वाईट गोष्ट म्हणत होते, तिलाच नातवंडे ईश्वरी व्यवस्था म्हणू लागली. १८३७ साली कॅल्हून या पुढाऱ्याने भर वरिष्ठ सभेत गुलामगिरी ही हितकारक संस्था आहे असे प्रतिपादन केले. धर्मोपदेशकांस पवित्र ग्रंथात आधार सापडले. उत्तरेकडील उपदेशकांस त्याच ग्रंथात उलट आधार सापडले. १८४४ साली मेथडिस्ट पंथ आणि १८४५ साली बॅप्टिस्ट पंथ या एकाच प्रश्नावर दुभंगले. शास्त्रार्थ कोणत्या बाजूने निघावयाचा हे पुष्कळदा घरातल्या तिजोरीवर ठरते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. आपल्याकडील शास्त्रीमंडळींचा अनुभव काही निराळा नाही.

इकडे उत्तरेत गुलामगिरीचा उच्छेद मागणारे थोडे होते. पुष्कळांस ते उपद्रवी वाटत. त्यांच्या सभा उधळल्या जात. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील पेढ्यांचा दक्षिणेशी लक्षावधींचा व्यवहार, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांचे मत आमच्या त्या गृहस्थांच्या मतासारखेच होते. १८३६ साली प्रतिनिधी-सभेने एक नियमच करून टाकला की, गुलामगिरीसंबंधी जे अर्ज येतील ते चर्चेवाचून दप्तरी दाखल व्हावेत. म्हणजे पडदा टाकण्याचे काम खुद्द कायदेमंडळाने हाती घेतले! त्याचा परिणाम काय झाला? अर्ज वाढले. ज्यांस गुलामाविषयी काडीइतके ममत्व नव्हते, तेही विचारू लागले की, दुसऱ्यास गुलाम ठेवता यावे म्हणून आमचा अर्ज करण्याचा हक्क का जावा? जॉन क्विन्सी ॲडम्स या माजी राष्ट्राध्यक्षाने म्हातारपणी त्या सभेत एकट्याने झुंज देऊन १८४४ साली तो नियम रद्द करविला.

यानंतरची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. १८२० साली मिसुरी प्रांताच्या वेळी नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ ओढून उत्तरेस मोकळीक, दक्षिणेस गुलामगिरी, अशी वाटणी झाली होती. १८५० साली मेक्सिकोकडून मिळालेल्या मुलखाचा प्रश्न आला, तेव्हा आणखी एक तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त संस्थान म्हणून घ्यावयाचे. मोबदल्यात पळालेले गुलाम पकडून देण्याचा कडक कायदा करावयाचा. या कायद्याने पकडलेल्या माणसास पंच मिळत नसत, त्यास स्वतःची साक्षही देता येत नसे. न्याय करणाऱ्या अंमलदाराने त्यास मालकाच्या स्वाधीन केले तर त्याची फी दहा डॉलर. सोडून दिले तर पाच! आणि रस्त्यावरील कोणाही नागरिकास, चल, याला धरावयास मदत कर, असे फर्माविण्याची मुभा होती. आजवर उत्तरेतील माणूस म्हणू शकत होता की, गुलामगिरी ही दक्षिणेची घरची गोष्ट आहे, माझा तिच्याशी संबंध नाही. या कायद्याने तो आडोसा काढून घेतला.

१८५४ साली बोस्टन शहरात अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामास याच कायद्याने पकडले, आणि लष्कराच्या पहाऱ्यात भर रस्त्याने बंदरावर नेऊन दक्षिणेस परत पाठविले. त्या शहरात अमॉस लॉरेन्स या नावाचा एक मोठा कापडव्यापारी होता. तडजोडवाल्यांतला, जुन्या चालीचा, शांतताप्रिय. त्याने लिहून ठेवले आहे की, आम्ही रात्री जुन्या मताचे म्हणून निजलो आणि सकाळी उठलो ते कट्टर उच्छेदक होऊन. हा गृहस्थ तेवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी नव्या कायद्याने ३६।३० ची रेघ पुसून टाकली आणि कॅन्सास प्रांतात गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील रहिवाशांनी ठरवावे असे केले. दोन्ही पक्षांनी आपापली माणसे तिकडे धाडण्याची शर्यत लावली. लॉरेन्सने आपल्या बाजूच्या वसाहतकऱ्यांस पैसा पुरविला, पुढे बंदुकाही पुरविल्या. त्याच्या नावाचे गाव कॅन्सासमध्ये आजही आहे. बाजार शांत राहावा म्हणून गप्प बसलेला व्यापारी चार वर्षांत शस्त्रे पाठवू लागला, तो कोणा वर्तमानपत्राच्या चिथावणीने नव्हे. ज्या तडजोडीने शांतता विकत घ्यावयाची होती, तिनेच त्याच्या दारात बेड्या घातलेला माणूस आणून उभा केला.

पुढचा मार्ग उतरणीचा होता, तो भरभर सांगतो. कॅन्सासात रक्तपात सुरू झाला. १८५६ साली वरिष्ठ सभेच्या दिवाणखान्यात सम्नर या सभासदास त्याच्या भाषणाबद्दल दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने काठीने बेशुद्ध होईतो झोडपले. १८५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट याच्या दाव्यात निकाल दिला की, काळ्या वंशाच्या मनुष्यास या देशाचे नागरिकत्व नाही, आणि नव्या मुलखात गुलामगिरीस बंदी करण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. न्यायालयाने हा वाद कायमचा मिटवावा अशी पुष्कळांची अपेक्षा होती. मिटला तो वाद नव्हे. तडजोडीस जी थोडी जागा उरली होती ती मिटली. १८५९ साली जॉन ब्राऊन याने शस्त्रागारावर छापा घातला आणि तो फासावर गेला. एका पक्षाने त्यास हुतात्मा म्हटले, दुसऱ्याने खुनी.

१८६० च्या निवडणुकीत लिंकन निवडून आला. आहे तेथे गुलामगिरीस हात लावणार नाही, नव्या मुलखात मात्र ती पसरू देणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. तरी २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटले आणि मागोमाग इतर संस्थाने फुटली. एवढ्याशा मर्यादेने एवढा भडका का व्हावा? याचे कारण असे की, त्या वेळी अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते, आणि त्यांची बाजारातील किंमत देशातील सर्व रेल्वे व कारखाने यांत गुंतलेल्या भांडवलाहून अधिक भरत होती. ज्या मालमत्तेचा पाया लोकांच्या संमतीवर उभा असतो, तिला 'येथपर्यंतच' असे म्हणणे म्हणजे ती मुळात वाईट आहे असे म्हणणे होय. आणि दक्षिणेस नुसती सूट नको होती, संमती हवी होती. युद्ध झाले ते संस्थानांच्या स्वायत्ततेसाठी, असे सांगणारे अजूनही भेटतात. त्यांस आमचे विचारणे आहे की, पळालेले गुलाम पकडण्यासाठी उत्तरेकडील संस्थानांच्या स्वायत्ततेवर केंद्राचे लष्कर पाठविण्याची मागणी कोणाची होती? मिसिसिपी संस्थानाने तर १८६१ च्या आपल्या जाहीरनाम्यात फुटण्याचे कारण गुलामगिरी हेच, असे स्वतःच सांगून टाकले आहे. १२ एप्रिल १८६१ रोजी तोफा सुटल्या. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक शिपाई मेले, आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली.

कोणी म्हणेल, इंग्लंडने १८३३ साली कायदा करून आपल्या वसाहतींतील गुलाम युद्धावाचून मुक्त केले, तसे येथे का झाले नाही? इंग्लंडने मालकांस दोन कोटी पौंड भरपाई दिली, हे खरे. गुलामांच्या हाती त्यातला एक पैही पडला नाही, हेही खरे. तथापि तेथे मालक समुद्रापलीकडे होते आणि पार्लमेंटात अल्पसंख्य होते. अमेरिकेत मालक स्वतःच राज्यकर्त्यांत बसले होते.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच, अशी एक गोड समजूत आहे. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बायकांस सरकार कुणबीण करून कोठीत, पागेत कामास लावी. इंग्रजी अंमलात १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढेच केले की, गुलामावरील मालकीचा हक्क कोणत्याही न्यायालयाने मानू नये. पुढे १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. युद्ध नाही, दंगा नाही, फारसा वादही नाही! यावर समाधान मानणारांस आम्ही सांगतो की, वाद झाला नाही म्हणूनच दास्याने येथे कपडे बदलले आणि ते पेठेत उजळ माथ्याने फिरू लागले. कुणबिणीचा कागद गेला. कर्जरोख्याचा कागद आला.

त्या रोख्याच्या इतिहासात अमेरिकेच्या युद्धाचे पान आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. तो अडकला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६३ साली बोरघाटाची रेल्वे पुरी होऊन दख्खनचा माल थेट बंदरावर उतरू लागला. मुंबईत कंपन्यांचे पीक आले. खेड्यांत धान्याचे आणि मजुरीचे दर चढले, जमिनीची पत वाढली आणि सावकार हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. मग सावकाराने हात आखडला, इकडे नव्या जमाबंदीने सारा वाढला, आणि तीन वर्षांच्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहिण्याची वहिवाट पडली. रयतेस अक्षर येत नव्हते. अंगठा मात्र होता.

१८७४ च्या अखेरीस याच शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावच्या एका देशमुखाचे घर आणि जमीन लिलावात स्वतःच घेतली, आणि मग ते घर पाडून टाकले. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. त्या घराच्या ढिगाऱ्यासमोर गाव एक झाले आणि सावकारांवर बहिष्कार पडला; त्यांची हजामत, पाणी, घरकाम, सारे बंद. हे लोण आसपासच्या गावांत पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा पेटला. लोकांनी माणसे फारशी मारली नाहीत. रोखे आणि वह्या मागितल्या, आणि त्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली, त्यांतील ५०१ जणांस शिक्षा झाल्या. या दंग्यात जे सावकार होरपळले त्यांत सचोटीने वागणारेही होते, हे आम्ही विसरत नाही. जमाव वही पाहतो, वहीतील हिशेब पाहत नाही. मग सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्यात न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली. एवढा साधा कायदा दंग्यापूर्वी करण्यास कोणाचे काय जात होते?

दंग्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. गुलामांस मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याचा व स्वार्थत्यागाचा आदर म्हणून, आणि आपले देशबांधव त्यांचा कित्ता गिरवितील या आशेने. त्या वेळी पुण्यातील पुष्कळांस हे पुस्तक तेढ माजविणारे वाटले. आम्हांस वाटते, तेढ सांगणारा आणि तेढ माजविणारा यांत फरक न करण्याची ही सवय जुनी आहे.

आता पुनः उचलीकडे येऊ. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगार निषिद्ध आहे. १९७६ च्या कायद्याने वेठीचे कर्ज रद्द केले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दक्षता समित्या सांगितल्या. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीसुद्धा सक्तीचीच मजुरी होय. प्रत्येक उचल म्हणजे वेठ, असे आमचे म्हणणे नाही. हंगामाआधी घरात दाणा नसलेल्या कुटुंबास उचल हा आधार असतो, आणि उचल घेऊन न येणाऱ्या टोळीमुळे बुडालेले मुकादमही आहेत. पण उचल किती दिली, नवरा-बायकोच्या एका कोयत्याने किती टन तोडले, खाडे किती धरले आणि बाकी किती निघाली, याचा हिशेब एकाच्याच वहीत असतो. आणि बाकी निघाली म्हणून पुढच्या हंगामास येण्याची सक्ती झाली, तर तो व्यवहार १९७६ च्या कायद्याच्या उंबरठ्याच्या आत येतो. मुकादम त्यास माझा पैसा म्हणतो, मजूर त्यास माझे बंधन म्हणतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, म्हणूनच हे आपसांत मिटेल ही आशा व्यर्थ आहे. उद्या पळालेला मजूर शोधावयास माणसे आली आणि त्यांनी दुकानदारास, बागाईतदारास, पोलीस पाटलास 'तुम्ही पाहिला काय' म्हणून विचारले, तर आमच्या त्या व्यापारी मित्रांनी काय उत्तर द्यावयाचे ठरविले आहे?

आमची सूचना अगदी लहान आहे. फड ठरण्यापूर्वी उचलीची रक्कम, टनाचा दर आणि खाड्याचा नियम मराठीत लिहून त्याची एक प्रत मजुराच्या हाती द्यावी. दर पंधरवड्यास वजनाची व बाकीची नोंद तीवर करावी. आणि नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव तीत असावे, कारण अर्धा कोयता तिचा असतो. ज्यांस वाचता येत नाही त्यांस ती ग्रामसेवकाने किंवा शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवावी. व्यापारी मंडळींस तर हे शिकवावयास नको. उधारीची चिठ्ठी दोन्हीकडे असावी हा त्यांच्याच पेठेचा नियम आहे. वडगाव रासाई आणि भीमेच्या दोन्ही तीरांवरील गावांच्या ग्रामसभांनी येत्या हंगामापूर्वी असा ठराव करावा, आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे पाठवावी.